लाल दोऱ्याची बाटली

(डोळ्यांच्या दवाखान्यातला बायकांचा वॉर्ड, सकाळचे दहा. खिडकीजवळच्या खाटेवर धाकटी जाऊ, उजव्या डोळ्यावर भोकाभोकांचं झाकण. शेजारी स्टुलावर थोरली जाऊ, मांडीवर कापडी पिशवी. सिस्टरांनी नुकताच थेंब घातला आहे.)

थोरली: आता डोळा मिट आणि दहापर्यंत मोज. घाई नको. सहानंतर तू नेहमी पळतेस.

धाकटी: मोजतेय, जाऊबाई.

थोरली: ओठ हलत नाहीत तुझे.

धाकटी: मनात मोजतेय.

थोरली: मोठ्यानं मोज. मनातलं मला ऐकू येत नाही.

धाकटी: एक, दोन, तीन…

सिस्टर: शाळाच भरवलीत की तुम्ही, मावशी! पण बरोबर आहे. थेंब घातला की डोळा मिटूनच ठेवायचा, नाहीतर निम्मं औषध गालावर. हे दहापर्यंत मोजणं मी आधी कुठेतरी ऐकलंय बरं का.

थोरली: सगळेच मोजत असतील.

सिस्टर: छे! इथे सगळ्या आई गं, मेले गं करतात. मोजत कोणी नाही. बरं ताई, पुढचा थेंब अकराला. आणि हा तुमचा कागद. मोठे डॉक्टर आज राऊंडला आहेत. एक रकाना अर्धवट राहिलाय, आणि त्याची बोलणी मलाच बसणार आहेत.

धाकटी: कुठला रकाना?

सिस्टर: तुम्हाला माहितीये कुठला. दवाखान्यात येण्याआधी डोळ्यात काय घातलं होतं? चार दिवसांत तीनदा विचारलं मी.

धाकटी: तीनदा सांगितलं की. पाणी.

सिस्टर: कसलं पाणी?

धाकटी: कालव्याचं. खळ्यावर दुसरं कुठलं असणार?

सिस्टर: ते लिहिलंय मी. तेही काही डोळे धुवायचं पाणी नव्हे, पण असो. नुसत्या पाण्यावर अकरा दिवस काढलेत?

थोरली: मळणी चालू होती हो, सिस्टर. यंत्र ठरावीक दिवसच मिळतं. ते दारात उभं असताना दोन बस बदलून इथे कोण येणार? एक माणूस कमी झालं की सगळ्यांचं काम अडतं.

सिस्टर: यंत्र थांबत नाही, मावशी, पण डोळ्यातली जखमही थांबत नाही. हे बघा ताई, मी रागावत नाहीये. पहिल्या दिवशी तुमच्या डोळ्यावरचं खरवडून काचेवर घेतलं ना? त्यात नीट काही दिसलं नाही. म्हणजे आत्ता जे थेंब चालू आहेत, ते अंदाजाने आहेत. आलात तेव्हा पांढरा ठिपका तांदळाएवढा होता. आज सकाळी मसुराच्या डाळीएवढा आहे. अंदाज कुठेतरी चुकतोय. डॉक्टर काही ज्योतिषी नाहीत. तुम्ही सांगाल त्यावरून ते दिशा धरणार.

धाकटी: आणि दिशा नाही धरता आली तर?

सिस्टर: तर काच फुटते. डोळ्याच्या पुढची काच. मग नजर वाचवायचं राहतं बाजूला, डोळा जागेवर ठेवायची धडपड सुरू होते. बघा आठवून. मी त्या आजींचे टाके बघून येते.

थोरली: भारी बोलतात या. ऐकूनच माणसाचा डोळा जायचा.

धाकटी: जाऊबाई, सांगून टाकू का?

थोरली: काय सांगतेस? बसच्या थांब्यावर काय ठरलं होतं आपलं?

धाकटी: ठरलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, पाणी सांग. मी हो म्हटलं.

थोरली: मग तेच. अगं, या शिकलेल्या बायकांना गावातलं काही सांगितलं की आधी हसतात, मग ओरडतात, मग चार जणींना गोळा करून दाखवतात. जिभेच्या टोकाने कुसळ काढलं म्हटलं की संपलंच. वीस वर्षं मी गावाच्या डोळ्यातली कुसळं काढतेय. कोणी उलटून बोट दाखवलंय?

धाकटी: नाही.

थोरली: झालं तर. हे घे, तुझे कपडे. कंगवा. आणि मळणी संपली परवा. धान चांगलं निघालं. कुसळ उडू नये म्हणून दिलेला चष्मा पण परत केला यंत्रवाल्याला.

धाकटी: तो खिळ्याला टांगलेला?

थोरली: तोच. तू एक दिवस घातलास आणि सगळं खळं हसलं. बेडूक बसलाय यंत्रावर, म्हणे.

धाकटी: ते तुम्हीच म्हणाला होतात.

थोरली: मी म्हणाले होते? असेल. दिसत होतीसच तशी.

धाकटी: लेक कशी आहे माझी? तिला का नाही आणलंत? कबूल केलं होतंत.

थोरली: राहू दे म्हटलं. बसमध्ये तिला मळमळतं. आणि सकाळी उठली ती डोळे चोळतच, झोप झाली नव्हती तिची. म्हटलं, पड जरा.

धाकटी: अभ्यास करते का?

थोरली: करते गं. शाळेतून आली की तुझी जागा घ्यायची खळ्यावर, हट्टाने. आईसारखीच. बघू, तुझा हा खुपतोय का अजून?

धाकटी: आतून कोणी सुई फिरवतंय असं होतं. खिडकीकडे बघवत नाही.

थोरली: मग ऐक. इकडे सरक. हळू बोल. मी बाटली आणलीय.

धाकटी: आपली?

थोरली: लाल दोऱ्याची. पिशवीत, कंगव्याच्या खाली. इथल्या थेंबांनी चार दिवसांत काय झालं? ठिपका वाढला. आणि आपल्या थेंबांनी? तिसऱ्या दिवशी डोळा कसा धुतल्यासारखा पांढरा झाला होता, आठवतंय ना? तूच म्हणालीस, खुपणं गेलं. सिस्टर तिकडे आहेत तोवर दोन थेंब घालते. कोणाला कळणार?

धाकटी: चालेल का, जाऊबाई?

थोरली: मी आजवर तुझं वाईट केलंय का?

धाकटी: नाही हो. घाला. बरं वाटलं तर निदान झोप तरी लागेल.

थोरली: टेक डोकं. झाकण काढ… थांब, थांब, आल्या त्या. नीट बस.

सिस्टर: काय गुजगोष्टी चालल्यात? झाकणाला हात लावू नका ताई, अकराला मी काढेन. मी एक विचारायला आले. तुमचं गाव ते कालव्याच्या वळणावरचं ना? पत्त्यावर आत्ता लक्ष गेलं माझं.

धाकटी: हो.

सिस्टर: गेल्या हंगामात तिथलीच एक बाई होती इथे. भातगिरणीत पाखडायला जायची.

धाकटी: आमची गिरणीवाली! आमच्याच गल्लीतली.

सिस्टर: तीच. त्या कोपऱ्यातल्या खाटेवर. आता लागला धागा! तिच्यासोबत एक बाई होती, ती तिला असंच मोजायला लावायची. दहापर्यंत. मावशी, तुम्हीच ना त्या?

थोरली: मी? मी… असेन. दोन दिवस होते तिच्यासोबत. तिच्या नवऱ्याला रजा नव्हती.

सिस्टर: अहो मग मी इथे घसा कशाला कोरडा करतेय? तुम्हाला तर सगळं माहिती आहे. बाहेरच्या बाकावर बसवून अर्धा तास समजावलं होतं मी तुम्हाला. यांना सांगितलं नाहीत?

धाकटी: काय समजावलं होतं?

थोरली: काही नाही गं. तिच्या साखरेचं.

सिस्टर: साखर होती तिला, नाही असं नाही. साखर असली की जखम भरायला वेळ लागतो. पण तिचा डोळा खाल्ला तो बाटलीने. ती पण तुमच्यासारखीच, पाणी, पाणी. आणि मग चादर बदलताना उशीखाली बाटली सापडली. गळ्याला लाल दोरा बांधलेली.

धाकटी: लाल दोरा?

सिस्टर: हो ना. मी विचारलं, हा कशाला? तर म्हणाली, ओळखायला. जिची बाटली तिला वाचता येत नाही.

धाकटी: काय होतं त्या बाटलीत?

सिस्टर: औषधच होतं, विष नव्हतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की देतात ते. त्यात स्टेरॉइड असतं. ऑपरेशननंतर, डॉक्टरांच्या नजरेखाली, चांगलं औषध आहे. पण कुसळाचं वेगळं असतं, ताई. शेतातलं कुसळ नुसतं टोचत नाही, येताना बुरशी घेऊन येतं. डोळ्याच्या काचेवर ओरखडा पडतो आणि त्यात ती रुजते. डोळा लाल होतो, कारण तो लढत असतो. तुम्ही वरून ते थेंब घातले की लाली जाते, खुपणं जातं, माणूस म्हणतो, वा, बरं झालं. कसं आहे, राखणीच्या कुत्र्याला झोपेची गोळी घालायची आणि म्हणायचं, बघा, आता भुंकत नाही. चोर घरातच. तो आता निवांत पोखरतो.

धाकटी: किती दिवसांत?

सिस्टर: आठ दिवस, दहा दिवस. मग एकदम पांढरा ठिपका दिसतो, आणि खुपणं परत येतं ते दुपटीने. मावशी, अगदी याच शब्दांत सांगितलं होतं ना मी? कुत्र्याचं सुद्धा. तुम्ही रडला होतात. म्हणालात, जिची बाटली आहे तिला जाऊन सांगते, फेकून दे म्हणते. सांगितलंत ना?

थोरली: …हो. सांगितलं.

सिस्टर: बरं केलंत. चला, पलीकडे थेंबांची वेळ झाली. दहा मिनिटांत येते. कागद इथेच ठेवते, ताई. पेन पण आहे.

थोरली: पाणी देऊ का तुला? घसा कोरडा पडला असेल.

धाकटी: तुम्हाला माहीत होतं.

थोरली: तसं नाही गं ते.

धाकटी: सिस्टरांनी सांगितलं होतं की नव्हतं? एवढंच सांगा.

थोरली: सांगितलं होतं. पण त्या किती भरभर बोलतात, बघितलंस ना. अर्धं डोक्यावरून गेलं.

धाकटी: मला एकदा ऐकून कळलं.

थोरली: हळू बोल. बायका बघतायत.

धाकटी: तुम्ही घरी येऊन म्हणालात, साखरेने डोळा खाल्ला तिचा. अंगणात सगळ्यांसमोर. मी महिनाभर गिरणीवालीला डबा नेऊन दिला, जाऊबाई. आणि रोज तिलाच दटावायचे, गोड खाऊ नकोस गं बाई, गोडाने घात केला तुझा. ती गप्प ऐकून घ्यायची.

थोरली: तिने पण काही म्हटलं नाही ना? तिला माझा राग असता तर म्हणाली असती.

धाकटी: तिला माहीत आहे का बाटलीचं?

थोरली: सिस्टर तिला सांगणार होत्या. मी म्हटलं, मी सांगते.

धाकटी: आणि?

थोरली: नाही सांगितलं.

धाकटी: म्हणजे ती अजून साखरेलाच शिव्या घालतेय.

थोरली: काय उपयोग होता सांगून? डोळा थोडाच परत आला असता?

धाकटी: पण ती बाटली तर इथेच काढून घेतली असेल. उशीखालची.

थोरली: हो. फेकली त्यांनी.

धाकटी: मग माझ्या डोळ्यात कुठली घातलीत? जाऊबाई, पहिली बाटली सासूबाईंच्या ऑपरेशनची होती. ती गेली. मग ही कुठून आली?

थोरली: आणली.

धाकटी: तुम्ही नवीन आणलीत. इथून सगळं ऐकून गेल्यावर.

थोरली: लगेच नाही! दोन महिने मी कोणाच्या डोळ्याला हात लावला नाही, कोणालाही विचार. मग दाई आली. डोळा लालभडक. दारात बसून राहिली. म्हणाली, तू नाही म्हणतेस म्हणजे माझ्यावर राग आहे का तुझा? काय सांगू तिला? नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागतं. आणि कारण दिलं की ते थेट गिरणीवालीच्या दारात जाऊन उभं राहतं. औषधाच्या दुकानात गेले, जुनं खोकं दाखवलं, त्याने नवीन बाटली काढून हातावर ठेवली. चिठ्ठी मागितली नाही, काय झालंय विचारलं नाही. तो तर शिकलेला आहे ना? त्याने का दिली मग?

धाकटी: त्याला मी जाऊबाई म्हणत नाही. आणि दोरा पण बांधलात. तसाच. लाल.

थोरली: बांधायलाच लागतो. फळीवर तीन बाटल्या सारख्याच. सासऱ्यांच्या कानात शिवणयंत्राचं तेल घातलं होतं मी एकदा, विसरलीस?

धाकटी: नाही विसरले. आठ दिवस हसत होतो आपण. ते म्हणायचे, आता चांगलं ऐकू येतं.

थोरली: हां, बघ. तुला सगळं आठवतं.

धाकटी: सगळं आठवतं. या घरात आले तेव्हा मला साधं सूप धरता येत नव्हतं. तुम्ही मागे उभ्या राहून माझे हात धरलेत. मला आई नव्हती. लेक झाली तेव्हा तीन दिवस तुम्ही माझ्या उशाशी बसून होतात. तुमच्या मांडीवर डोकं टेकताना मी कधी विचारलं नाही, काय घालताय म्हणून. आत्ता मघाशी पण नाही विचारलं. टेकलंच होतं डोकं.

थोरली: मी तुझ्या बऱ्यासाठीच…

धाकटी: नका म्हणू ते. माझ्या डोळ्यात पहिला थेंब घालताना गिरणीवाली आठवली नाही तुम्हाला?

थोरली: आठवली.

धाकटी: मग?

थोरली: दाईचा डोळा तीन दिवसांत लाली जाऊन पांढरा झाला होता. नंतर न्हाव्याचा झाला. मला वाटलं, बघा, बाटलीत काही नाही. गिरणीवालीचं नशीबच तसं. मग तुझ्या डोळ्यात कुसळ उडालं. तुला नाही म्हटलं असतं तर… तुला काय कारण सांगणार होते मी? तू माझ्या चेहऱ्यावरून ओळखतेस. म्हणून घातले थेंब. रोज उजाडलं की आधी तुझा डोळा बघायचे, पाणी नंतर प्यायचे. तिसऱ्या दिवशी तू दारात आलीस, हसलीस, म्हणालीस, जाऊबाई, गेलं खुपणं. मला वाटलं, सुटले.

धाकटी: कशातून?

थोरली: गिरणीवालीतून.

धाकटी: माझा डोळा साक्षीला उभा केलात तुम्ही.

थोरली: असं म्हणू नकोस गं.

धाकटी: आणि आठव्या दिवशी ठिपका आला. तेव्हा तरी?

थोरली: तेव्हा कळलं मला. पण तेव्हा बोलायचं म्हणजे… तूच सांग, कुठून सुरुवात करायची? एक बोललं की सगळंच बोलावं लागतं.

धाकटी: आणखी तीन दिवस गेले त्यात. आणि मी चार दिवस इथे खोटं बोलतेय. डॉक्टर चुकीचे थेंब घालतायत आणि मी पाणी, पाणी म्हणतेय. तुमचं नाव जाऊ नये म्हणून. मला वाटत होतं, मी तुम्हाला राखतेय. तुम्ही काय राखत होतात, जाऊबाई?

थोरली: माझं एक ऐक. सांग, नाही म्हणत नाही मी. पण माझं नाव घेऊ नकोस. दुकानातून आणली म्हण. तेही खरंच आहे.

धाकटी: सिस्टर!

थोरली: अगं थांब ना जरा. पाया पडते तुझ्या.

धाकटी: तुम्ही थोरल्या आहात. माझ्या पाया पडू नका. सिस्टर, इकडे येता का?

सिस्टर: काय झालं? दुखतंय?

धाकटी: तो रकाना भरायचाय. लिहा. मोतीबिंदूचे थेंब. दिवसातून चार वेळा, सलग आठ दिवस. त्याच्या आधी कुसळ काढलं ते जिभेच्या टोकाने. चष्मा होता, घातला नाही. आणि कालव्याचं पाणी, ते तर लिहिलंयच तुम्ही.

सिस्टर: थांबा, थांबा. थेंब नक्की मोतीबिंदूचेच? कोणते, कसे, नाव?

धाकटी: बाटली पिशवीत आहे. कंगव्याच्या खाली. द्या, जाऊबाई.

सिस्टर: मावशी, द्या इकडे. …दोरा. लाल दोरा. अहो, म्हणजे जिची बाटली ती…

थोरली: लिहा माझं नाव. लिहा एकदाचं.

सिस्टर: नाव? या कागदावर नावाचा रकानाच नाही, मावशी. काय घातलं, एवढंच विचारलंय. कोणी घातलं हे कधीच कोणी विचारलं नव्हतं.

धाकटी: विचारलंच नव्हतं?

सिस्टर: नाही हो. त्याने औषधात काय फरक पडणार? पण हे कळल्याने पडतो. डॉक्टरांना आत्ताच सांगते. पुन्हा खरवडून बघतील, आज बहुधा बुरशीवरचे थेंब चालू करतील.

धाकटी: डोळा राहील?

सिस्टर: खोटं नाही सांगत, ताई. उशीर झालाय. पण आता निदान खऱ्या चोराच्या मागे लागता येईल. चार दिवस आपण भलत्याच घरात शोधत होतो.

धाकटी: बरं.

सिस्टर: आणि मावशी, ही बाटली निम्मी संपलीये. यांच्या एकट्या डोळ्यात एवढी नाही जायची. हिच्यातले थेंब आणखी कोणाकोणाला घातलेत? कागदाची मागची बाजू कोरी आहे, मी लिहून घेते. रागवायला नाही. त्या सगळ्यांना इथे बोलवायचंय, खुपत नसलं तरी. खुपत नसेल तर आधी.

थोरली: आठवत नाही आत्ता.

धाकटी: आठवतं. बोटांवर मोजा.

थोरली: दाई. एक. न्हावी, दोन. लोहार. लोहाराची बायको, तिला एकदाच घातले होते. चार. यंत्रावरचा तो मोठ्या मिशांचा, पाच. वीटभट्टीवरची म्हातारी.

सिस्टर: सहा. पुढे?

थोरली: …

सिस्टर: झाले? एवढेच?

धाकटी: जाऊबाई, माझी लेक आज का आली नाही? सकाळी डोळे का चोळत होती ती?

थोरली: मोजतेय गं. मनात मोजतेय.

धाकटी: मोठ्यानं मोजा. मनातलं मला ऐकू येत नाही.